हात हुंगणारे मास्तर

मैदानात उतरायच्या आधी आमचे ड्रिल मास्तर आमचे हात हुंगत असत. दुसऱ्या शाळांचे मास्तर नखं बघायचे, बूट बघायचे. आमच्यात बूट कोणालाच नव्हते, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. सोळा पोरं ओळीत उभी, उजवे हात पुढं केलेले, आणि कडक इस्त्रीच्या खाकी हाफपँटीतला हा माणूस एकेका पंजावर वाकून, गिऱ्हाईक खरबूज हुंगतं तसा, डोळे मिटून वास घेतो आहे. अकोल्यात नवीन आलेला माणूस हे बघून सायकलवरून उतरायचा आणि उभाच राहायचा.

"मेथी," मास्तर म्हणायचे. मग शेजारचा हात. "मेथी. जोडी पास." मग पुढचे दोन. "तुह्या हाताले वांगं, याच्या हाताले बेसन. दोघं दोन घरी जेवले. बाहेर व्हा."

हे कशासाठी, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, आणि मास्तरांच्या बाबतीत मागं जायचं म्हणजे थेट इटलीपर्यंत जावं लागतं.

लढाईच्या काळात ते फौजेत होते आणि फौजेनं त्यांना इटलीत नेलं होतं. तिथल्या एका डोंगरातल्या गावाची गोष्ट ते आम्हाला सांगत. गावाचं नाव दर वेळी वेगळं असायचं. कधी पाऊस असायचा, कधी बर्फ. पण पोरं तीच असायची. तोफा थांबल्या होत्या, पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळत होती, मास्तर खुणा करून म्हणाले, मलाही घ्या. पोरांनी घेतलं नाही. त्यातल्या एकानं त्यांना हाताला धरून घरी नेलं. त्याच्या आईनं हातहातभर लांबीच्या शेवया वाढल्या, वर टमाट्याचं कालवण. मास्तरांना काट्यानं खाता येईना म्हणून त्यांनी पाची बोटांनी खाल्लं. बाहेर आल्यावर पोरांनी लगेच चेंडू दिला.

"जेवल्याबिगर टीममंदी घेतच नव्हते लेकाचे," मास्तर म्हणायचे. "मी म्हनलं, याले म्हंतेत कायदा."

लढाई संपली, मास्तर अकोल्याला येऊन आमच्या शाळेत लागले. दहा-बारा वर्षांनी त्यांच्या नावानं एक जाड पाकीट आलं. शेवयावाला पोरगा मोठा झाला होता आणि मुलांच्या फुटबॉलच्या कुठल्याशा संस्थेत नोकरीला लागला होता. निरनिराळ्या देशांची मुलं एकत्र आणायची, त्यांच्या मिसळून टीमा करायच्या, एका देशाच्या मुलाची दुसऱ्या देशाच्या मुलाशी जोडी लावायची, आणि खेळता खेळता दोस्ती करायची, असा त्या संस्थेचा उद्योग. सोबत इंग्रजी पुस्तिका. मास्तरांचं इंग्रजी फौजी, म्हणजे ओरडण्यापुरतं. पुस्तिका वाचायला त्यांनी मला बोलावलं, कारण तेव्हा मी दहावीत होतो आणि इंग्रजीत वर्गात पहिला होतो. हे मी मुद्दाम लिहितो. रेल्वे लाइनीपलीकडच्या आमच्या वस्तीत तोवर कोणी मॅट्रिकच्या बाकापर्यंत पोचलेलं नव्हतं. पुढं अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. झालेलाही वस्तीतला पहिला मीच. पण तेव्हा मी फक्त फुटबॉलमधला बरा राइट-इन होतो.

पुस्तिकेत एक वाक्य होतं: सामन्याआधी जोडीदारांनी एकत्र जेवावं. मी ते मराठीत सांगितलं. मास्तरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"एकत्र म्हंजे कुठं?"

"तसं लिहिलं नाही सर."

"हॉटेलात कोनीबी कोनासंगबी जेवते. त्यात काय दोस्ती? घरी. याच्या घरी त्यानं, त्याच्या घरी यानं. लिहून घे."

मी लिहून घेतलं. परदेशातल्या कुणाच्या स्वप्नातही नसेल असा नियम अशा रीतीनं अकोल्यात लागू झाला.

आता दुसरी अडचण. निरनिराळे देश आणायचे कुठून? मास्तरांना ही अडचण वाटलीच नाही. अमरावतीच्या एका शाळेतली आठ पोरं, आमची आठ, मिळून सोळा. त्यांनी सोळा चिठ्ठ्या केल्या, डोक्यावरच्या टोपीत टाकल्या आणि पोरापोराला एकेक देश वाटून दिला. भूगोलाचे गुरुजी म्हणाले, हा काय पोरखेळ आहे. मास्तर म्हणाले, "गुर्जी, परवापर्यंत आपून मध्यप्रदेशात होतो. सकाळी उठलो तं मुंबई राज्यात. कोनं आपल्याले इचारलं? राज्य बदलते, मंग देश बदलाले काय होते?" भूगोलाच्या गुरुजींना तर तो सगळा धडा नव्यानं शिकवावा लागत होता.

मला बेल्जियम निघाला. शाळेच्या नकाशात तो एवढासा होता की गुरुजींनी बोट ठेवलं की दिसायचाच नाही. पण मास्तरांचा हुकूम होता, देश मिळाला की वर्षभर तो देश व्हायचं. राजधानी पाठ पाहिजे. हजेरीला आडनाव घ्यायचं नाही. मास्तर "बेल्जियम" म्हणत आणि मी "हजर". मैदानात कोणाचं आडनाव कोणाला कळत नसे, आणि आडनाव कळलं नाही की आपल्याकडे पुढचंही बरंच कळत नाही. हे मास्तरांनी मुद्दाम केलं होतं की त्यांच्या लक्षात आडनावं राहत नव्हती, हे मला आजही सांगता येणार नाही. इंग्लंड ज्याला निघाला त्या बिचाऱ्याचे हाल झाले. इंग्रज जाऊन दहा-अकरा वर्षंच झाली होती, जो तो त्याच्या नडगीवर हिशेब चुकता करायचा. मास्तर शिट्टी फुंकत धावत यायचे, "गेला न इंग्लंड आता. पाय सोड त्याचा."

मास्तर स्वतः कोण, हा अकोल्यात वर्षानुवर्षं चाललेला विषय होता. फौजेतल्या कागदावर नुसतं नाव आणि बापाचं नाव. कोणी म्हणे कुणबी, कोणी म्हणे माळी, कोणी म्हणे आमच्यातलाच आहे पण सांगत नाही. एकदा एका पालकानं हॉटेलात, चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवण्याआधी, सरळ विचारलं, "मास्तर, तुमी कोन?"

"मी रेफ्री," मास्तर म्हणाले आणि कप ओढून घेतला.

त्यांच्या सायकलला ब्रेक नव्हते. टाच जमिनीला घासून थांबत, त्यामुळे डाव्या चपलेची टाच महिन्याला जायची आणि उजवी वर्ष काढायची. फुटबॉलला ते दर रविवारी जवसाचं तेल चोळत आणि मग कानाशी धरून हलवत. "काय म्हंते सर?" आम्ही विचारायचो. "म्हंते, या पोट्ट्यायले लाथ माराले शिकव, हे मले कुरवाळून राहिले." लग्नाला गेले तरी हाफपँटीतच. आमचं मैदान कापसाच्या जिनामागं होतं. हंगामात रेचे, म्हणजे कापसातली सरकी काढायची यंत्रं, चालू झाले की सरकीचा नि रुईचा बारीक बुरा हवेत तरंगायचा आणि सामना संपेपर्यंत आम्ही सगळे म्हाताऱ्यासारखे पांढरे व्हायचो. दोन्ही टीमांत अकोल्याची नि अमरावतीची पोरं मिसळलेली असल्यामुळे बघणाऱ्यांची पंचाईत व्हायची. जिनातले हमाल कठड्यावर बसून विचारायचे, "मास्तर, आपून कोनाच्या बाजूनं ओरडाचं?"

"बॉलच्या."

माझी जोडी लागली नॉर्वेशी. नॉर्वे अमरावतीचा, अंबागेटच्या आतल्या एका भिक्षुकाच्या घरचा. गोरा, काटकुळा, आणि डावा पाय असा की मी त्याच्याइतका डाव्या पायाचा खेळाडू पुन्हा पाहिला नाही. मैदानावर आमच्यासारखंच बोलायचा, "काय करून राहिला बे, पास दे न." घराच्या पायरीवर पाय ठेवला की त्याची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ व्हायची. मी तिकडून चेंडू देणार आणि तो इकडून मारणार, हे आम्हाला पहिल्याच दिवशी न बोलता जमलं. त्या वयात याला दोस्ती म्हणतात, पुस्तिका असो की नसो.

पहिला सामना अमरावतीत होता, म्हणून पहिलं जेवण त्याच्या घरी. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. आमच्या घरातले जुने देव गेले होते, पण दुसऱ्यांच्या घरातले होते तिथंच होते. नॉर्वेनं आईला माझं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं नाही. आईनं गाव विचारलं, वस्ती विचारली, आणि मग काही विचारलं नाही. मला ओट्यावर पाट मांडला, पत्रावळ ठेवली. वरण, भात, भोपळ्याची भाजी, कढी. ती बाई वाईट नव्हती. तुपाची धार तिनं आखडती धरली नाही. फक्त हात उंच धरला.

"पोटभर जेव हो बाळ. संकोच करू नकोस," ती वरून म्हणाली.

नॉर्वे आत जेवला. जेवताना आतून ओरडून मला मास्तरांच्या चालीची नक्कल करून दाखवत होता, पण ती मला दिसत कशी असणार?

मैदानावर मास्तरांनी आमचे हात हुंगले. दोन्हींना तूप, दोन्हींना हिंग. ते पुढं सरकणार एवढ्यात कुठून बुद्धी झाली आणि विचारलं, "एका ओळीत बसले होते न?"

नॉर्वे खोटं बोलत नसे. खरं तेच बोलायचा, पण फार चमत्कारिक तऱ्हेनं. "हो सर, एकाच ओळीत. मधे फक्त भिंत होती."

मास्तर थांबले. ओठातली शिट्टी काढली.

"भिंत म्हंजे ऑफसाइड," ते म्हणाले. "दोघं बी बाहेर."

तो सामना आम्ही दोघांनी रेषेबाहेर बसून बघितला. आमची टीम सहा जणांची उरली आणि सडकून हरली. "पुढचा सामना अकोल्यात," मास्तर जाताना म्हणाले. "बेल्जियमच्या घरी. तेव्हा बी ऑफसाइड, तं जोडी मोडली. तुमाले दुसरे जोडीदार." नॉर्वेनं माझ्याकडं बघितलं नाही. मीही नाही. मला दुसरा कोणी जोडीदार नको होता, आणि हे त्याला सांगायची पद्धत आमच्यात नव्हती.

आता यात माझा एक अपराध आहे, तो कबूल करतो. अमरावतीच्या सामन्यानंतर मास्तरांनी संस्थेला अहवाल पाठवायचं ठरवलं. ते वऱ्हाडीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेलो. ते म्हणाले, "लिही, सोळा देशाचे पोट्टे खेळले." मी लिहिलं, सोळा देशांची मुलं खेळली. ते म्हणाले, "देशाची यादी दे." मी दिली. बेल्जियम, नॉर्वे, ब्राझील, जपान. शब्दाला शब्द. पहिल्यांदाच माझं इंग्रजी समुद्रापलीकडं चाललं होतं, मी व्याकरण तपासत बसलो होतो. वाचणाऱ्याला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दीड महिन्यानं उत्तर आलं. आमचा माणूस मुंबईला येतो आहे, कापसाच्या गावात सोळा देशांची मुलं एकत्र आणणारे हे गृहस्थ त्याला बघायचे आहेत.

हेडमास्तर पुण्याकडचे. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "अहो, हे आपण काय लिहून बसलात? सोळा देश? आपल्याकडे नेपाळचा गुरखासुद्धा नाही."

"सोळा देश, सोळा पोट्टे. मोजून पाहा," मास्तर म्हणाले. "पत्र खरं हाये."

"शाळेची अब्रू जाईल."

"मंग त्या दिवशी सोळाच्या सोळा उभे राहतीन. एकबी कमी नाई."

हेडमास्तरांनी ते वाक्य धरून ठेवलं. सोळा म्हणजे सोळा. त्यात आम्ही दोघंही आलो.

सामन्याच्या दिवशी अमरावतीची पोरं सकाळच्या पॅसेंजरनं उतरली. नॉर्वेच्या हातात पितळी डबा होता. मला बघून त्यानं तो मागं धरला, पण डबा मागं धरायला मोठा होता.

"आईनं दशम्या दिल्यात," तो म्हणाला. दशमी म्हणजे दुधात भिजवलेल्या कणकेची पोळी. ती सोवळ्यातल्या माणसांना प्रवासात चालते. "तुझ्या घरी बसूनच खाईन ना. एकत्रच झालं."

माझ्या आईनं पहाटे उठून घर सारवलं होतं. वांग्याची भाजी, तुरीचं वरण, ज्वारीच्या भाकरी, आणि पाट्यावर वाटलेला लसणाचा ठेचा. दोन ताटं घासून उन्हात ठेवली होती. नॉर्वे चटईवर बसला आणि त्यानं डबा उघडला. आईनं ते बघितलं. वाढायला उचललेली भाकर तिनं परत टोपलीत ठेवली.

"मलेबी माहीत होतं," ती माझ्याकडं बघून म्हणाली. "स्टेशनावर बसून खाल्ली असती तं त्याले एवढं चालाचं काम नोतं."

नॉर्वेचे कान लाल झाले. त्यानं एक दशमी कशीबशी संपवली, डबा बंद केला. आई भांडी घेऊन मागं गेल्यावर तो हळूच म्हणाला, "सर हात हुंगतील."

"हुंगतीन."

"दुधाचा वास येईल."

मग आम्ही दोघांनी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्यानं माझ्या ताटातल्या ठेच्यात पाचही बोटं बुडवली आणि तळहातावर चोळली. मी त्याला मदत केली. मनगटापर्यंत लाव म्हणालो. मला राग यायला हवा होता, आलाही होता, पण खेळायचं त्याहून जास्त होतं. मागं वळलो तर आई दारात उभी होती. तिनं माझं ताट उचललं आणि मागं नेलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणा उंच, उन्हानं भाजलेला, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेला. कुठल्या देशाचा ते आता आठवत नाही. आमच्या सोळांपैकी नव्हता एवढं नक्की. हेडमास्तरांनी त्याला ओळीकडं आणलं. एकेक पोरगं हात पुढं करायचं आणि पाठ केल्याप्रमाणे म्हणायचं, आय ॲम ब्राझील. आय ॲम जपान. चौथ्या पोराशी तो थांबला आणि मला बोलावलं, कारण पत्राखाली मास्तरांच्या सहीजवळ लेखनिक म्हणून माझं नाव होतं. त्यानं शांतपणे विचारलं, परदेशी मुलं कुठं आहेत?

मी खरं सांगितलं. टोपी, चिठ्ठ्या, हजेरी, सगळं. हेडमास्तर आकाशाकडं बघत होते. पाहुण्यानं ओळीवरून नजर फिरवली आणि विचारलं, मग यात इंडिया कोण?

मी मास्तरांना विचारलं.

"इंडिया टाकलाच नाही," मास्तर म्हणाले. "तो कोनाले निघाला असता, त्याच्यावर मारामाऱ्या झाल्या असत्या."

हे मी इंग्रजीत सांगितल्यावर पाहुणा आधी हसला नाही. थोड्या वेळानं हसला, आणि मग त्याला ते आवरेना. हेडमास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घड्याळ दाखवलं, चला, सुरू करा. पण मास्तरांचं हुंगणं राहिलं होतं.

हुंगत हुंगत ते आमच्याशी आले. माझा हात. "लसन. वांगं." नॉर्वेचा हात. त्यांनी डोकं मागं घेतलं. "लसन. लय लसन." नॉर्वेनं श्वास सोडला. आणि तो सोडला म्हणूनच फसला, कारण मास्तरांचं नाक अजून तिथंच होतं.

"तोंड उघड."

नॉर्वेनं उघडलं.

"दूध," मास्तर म्हणाले. मग सरळ उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण ओरडून नव्हे, म्हणाले, "हात जेवला, तोंड उपाशी. बाहेर दोघं."

हेडमास्तर पुढं झाले. "मास्तर, हे खूळ आज पुरे. पाहुणे खोळंबलेत. सोळा म्हणालात ना? सोळा उभे करा."

"करतो न. पर उपाशी नाही." एवढं बोलून त्यांनी पाहुण्याचा हात उचलला आणि हुंगला. "साबन," ते म्हणाले. "इचार त्याले, काय खाल्लं, कोनासंग?"

मी विचारलं. पाहुणा म्हणाला, डाकबंगल्यावर, आमलेट आणि पाव. कोणाबरोबर? एकटाच.

"एकटा," मास्तर म्हणाले, जसं कोणी दुखणं सांगावं. "हा बी बाहेर. बेल्जियम, दोघायले घरी घेऊन जाय. बॉल थांबते. त्याले काही गाडी पकडाची नाही."

असे आम्ही तिघं रूळ ओलांडून वस्तीत गेलो. मागून वस्तीतली पोरंसोरं, कुत्री. आई दारात आली. तिनं पाहुण्याला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, वेळ लागला.

"हा कोन?"

"पाहुना हाये, परदेशातला. मास्तरनं पाठवला जेवाले."

"जेवला नाही का?"

"एकटा जेवला."

"मंग बसव त्याले."

पाहुणा चटईवर बसला, गुडघे कानांशी आले. आईनं त्याला ताट वाढलं, मला वाढलं. नॉर्वे उंबऱ्याशी डबा धरून उभा. आई त्याला ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. चुलीपुढं बसून नवीन भाकर थापू लागली. पाहुण्यानं ठेच्याचा मोठा घास घेतला. त्याचा चेहरा आधी गुलाबी झाला, मग जांभळा. डोळ्यांतून पाणी. मी तांब्या पुढं केला, तो घटाघटा प्यायला, आणि पुन्हा ठेच्याकडं बोट दाखवून ताट पुढं केलं.

नॉर्वे हे बघत होता. खेळाडू तो, दुसरा कोणी आपल्यापुढं जातो आहे हे त्याला कधीच सोसलं नाही. "त्याला झेपत नाहीये," तो मला म्हणाला, "तरी खातोय."

"हो."

"मलाही वाढायला सांग ना."

"तूच सांग. आई माही हाये, तोंड तुहं."

तो आत आला. डबा खाली ठेवला. "मावशी, मलापण वाढा."

आईनं मागं वळून बघितलं नाही. "डबा हाये न तुहा?"

"तो गार झाला."

दशमी गारच खातात हे माझ्या आईलाही माहीत होतं. तिनं तव्यावरची भाकर काढली, आणखी एक ताट पुसलं, त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं पहिला घास घेतला आणि पाहुण्यासारखाच लाल झाला. दोघं एकमेकांकडं बघत, नाकं ओढत, हट्टानं खात होते. नॉर्वेनं तीन भाकरी खाल्ल्या. चौथी मागितली तेव्हा आई म्हणाली, "आता पळाचं हाये का लोळाचं?" ती त्याच्याशी नीट बोललेली ही पहिली गोष्ट.

परत आलो तेव्हा मास्तर रेषेवर उभे होते. आम्ही गेलो तेव्हा जसे होते तसेच. पाहुण्याचा हात हुंगून त्यांनी मान डोलावली. नॉर्वेनं न सांगता तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडावर "हा" केलं. मास्तर एक पाऊल मागं सरकले.

"पोटापर्यंत," ते म्हणाले आणि शिट्टी फुंकली.

त्या दिवशी आम्ही दोघं आयुष्यातलं सगळ्यात वाईट खेळलो. नॉर्वे धावेना, मी वाकेना. तिसऱ्या मिनिटाला तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि ढेकर दिला, आणि कठड्यावरचे हमाल पहिल्यांदाच एका बाजूनं ओरडले. जिनाचा भोंगा झाला तेव्हा आम्ही दोन गोलनी हरलो होतो. कोणी आम्हाला काही म्हणालं नाही. पुढं संस्थेच्या पुस्तिकेत आमचा फोटो छापून आला, खाली लिहिलेलं, अकोला, सोळा देश. तो फोटो हेडमास्तरांनी स्वतःच्या खोलीत लावला.

संध्याकाळी स्टेशनवर नॉर्वेला आठवलं, डब्यात दोन दशम्या उरल्यात. घरी नेल्या तर आई विचारणार. टाकायच्या तर अन्न. मास्तरांनी एक खाल्ली, एक मला दिली. "आता इचारलं तं काय सांगशीन?" त्यांनी नॉर्वेला विचारलं.

"विचारलं तर सांगेन," नॉर्वे म्हणाला. मी म्हणालोच, तो खोटं बोलत नसे.

त्याच्या आईनं विचारलं, त्यानं सांगितलं. आठवड्यानं मला त्याचं पोस्टकार्ड आलं. काकांनी त्याला गोमूत्र पाजलं होतं, आणि वडलांनी सांगितलं होतं की महिनाभर याचं पान ओट्यावर. खाली लिहिलं होतं: जागा भरपूर आहे, तू ये.

मी गेलो. मास्तरांनीच पाठवलं, उरलेला नियम पुरा करायला. ओट्यावर दोन पाट, दोन पत्रावळी, आम्ही शेजारी शेजारी. त्याची आई आतून भात घेऊन आली, वाढला, आत गेली. वरण घेऊन आली, वाढलं, आत गेली. मग तूप. मग भाजी. नॉर्वेला भूक भारी. पुन्हा भात, पुन्हा वरण. उंबरा उंच होता. पाचव्या की सहाव्या खेपेला ती वरणाचं भांडं घेऊन उंबऱ्यात थांबली, एका हातानं चौकट धरली, आणि आम्हा दोघांकडं बघितलं.

"आत येऊन बसा रे दोघंही," ती म्हणाली. "माझे गुडघे दुखतात."

आम्ही पत्रावळी उचलून माजघरात गेलो. बसलो. तिनं आमच्यापुढं खाली बसून वाढलं.

अकोल्याला परतल्यावर मी मास्तरांना सगळं सांगितलं. ते जवसाचं तेल चोळत बसले होते. मी अजून बी.ए. व्हायचा होतो, पण तेव्हाही मला गोष्टी अर्ध्या सांगून चालत नसे, म्हणून मी हेही सांगितलं की तिनं काही मनापासून नाही बोलावलं सर, गुडघ्यांमुळं बोलावलं. आणि स्वयंपाकघर तरी अजून तीन हात लांबच राहिलं.

मास्तरांनी चेंडू कानाशी धरून हलवला.

"तीन हात?" ते म्हणाले. "म्हंजे पेनल्टीहून जवळ हाये. मार."